दिगूचं डेरगं

मी पारोळ्याकडची. विचारलं कोणी तर पारोळ्याचीच सांगते, पण खरं गाव पारोळ्याच्याही पुढं, एसटी फाट्यावर सोडायची आणि मग पायी चालायचं, तसलं. बाप कापूस वेचायला जायचा, माय जायची, आम्ही बहिणीही जायचो. फुटबॉल म्हणून काही वस्तू असते हे मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं ताई, खोटं कशाला सांगू. आमच्या घरात पायानं साधं सूप सरकवलं तरी माय पाठीत धपाटा घालायची, लक्ष्मीले पाय लावस का व, म्हणायची. आणि लग्न करून भुसावळला आले तर इथं चांगले लेकराबाळांचे बाप भर उन्हात एका वस्तूला लाथा मारतात आणि लोक टाळ्या वाजवतात! मी म्हटलं, व माय, कुठं येऊन पडले मी.

आमचे हे, माझ्या सुनीलचे बाबा, रेल्वेत खलाशी होते, लोकोशेडला. लग्नाला आठवडा झाला नसेल, मला म्हणाले चल, तयार हो, बाहेर जायचंय. मला वाटलं सिनेमाला नेतात. मी लग्नातला शालू काढला, गजरा माळला, आणि ह्या माणसानं मला नेऊन बसवलं रेल्वे ग्राउंडच्या कडेला, धुळीत. सगळे पुरुषच. मी पदर तोंडावर घेऊन बसले, मनात म्हटलं घरी गेल्यावर बघते तुमच्याकडं. तेवढ्यात हे माझ्या कोपराला धक्का देऊन म्हणाले, बघ, तो बघ, मोजे खाली पाडलेला, तो दिगू.

तो दिगू. काय सांगू तुम्हाला. काळा, काटकुळा, पायाच्या काड्या. हा काय खेळणार, वाऱ्यानं उडून जाईल, असं वाटलं मला. आणि मग त्याच्याकडं आला तो चेंडू. ताई, मला खेळातलं तेव्हा काही कळत नव्हतं, पण कापूस वेचणारीला हात कळतो. आमच्या शेतात एक बाई होती, तिची बोटं बोंडाला लागली न लागली की कापूस तिच्या ओटीत, काट्याचा ओरखडा नाही काही नाही, आम्ही बाकीच्या रक्तबंबाळ. तसं ह्याच्या पायाचं. चार जण अंगावर आले, ह्यानं काय केलं कोणाला दिसलं नाही, चार जण एकीकडं आणि हा दुसरीकडं चालला चेंडू घेऊन, जसा काही बाजारातून भाजी आणतोय. मी पदर सोडून उभीच राहिले. गजरा पडला तो पडलाच.

मग मला चटकच लागली. पण बाईमाणूस रोज ग्राउंडवर जाऊन बसणार कशी? सासू म्हणायची, काय काम शे तुनं तठे? हाव, बाईला बाहेर जायला काम लागतं, पुरुषाला नाही लागत. मग मीच डोकं चालवलं. भाजलेल्या शेंगांचं टोपलं केलं. ताई, तुम्हाला सांगते, डोक्यावर टोपलं असलं की बाई कुठंही जाऊ शकते, कोणी विचारत नाही कुठं चालली. नवरा रेल्वेत होता, आम्हाला शेंगा विकायची गरज नव्हती. मी दिगूसाठी टोपलं उचललं, आणि पुढं यांच्या माघारी त्याच टोपल्यावर घर चाललं, ती गोष्ट वेगळी.

आता दिगू काही संत नव्हता. लोक मला म्हणतात तुला त्याचे दोष दिसत नाहीत. दिसत नाहीत? मला जेवढे दिसले तेवढे कोणाला दिसले नसतील, मी रोज कडेला बसलेली होते. पीत होता. सामन्याच्या दिवशी सुद्धा पीत होता. तोंडाचा फटकळ, साहेब असो की कोण, तोडून बोलायचा. आणि ते आईचं. ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल सुमनबाईनं झाकून ठेवलं. दिगू मूळचा दोंडाईचाचा. त्याची आई तिकडं वारली, त्या दिवशी धुळ्याला सामना होता. निरोप पोचला होता त्याला. धुळ्याहून दोंडाईचा कितीसं लांब? आणि हा खेळला. भावानं सगळं उरकलं, हा पोचला तेव्हा राख सुद्धा सावडून झाली होती. चुकलंच त्याचं. मी नाही म्हणत नाही. सुनीलचे बाबा त्या सामन्याला गेले होते, ते सांगायचे की दिगूनं तीन गोल मारले आणि एकदाही हात वर केला नाही, एरवी गोल मारला की हात वर करून आमच्याकडं पळत यायचा. सामना संपला तर गोलखांबाच्या मागं जाऊन बसला, बनियन तोंडावर ओढून. कोणी जवळ गेलं नाही.

मग ती फायनल. तीही धुळ्याच्या संघाशीच, पण आपल्या ग्राउंडवर. बरोबरीत चाललेलं, संपत आलेलं, आणि दिगूनं मारला. जाळी अशी हलली ताई, मी डोळ्यांनी पाहिली. यांनी टोपी वर फेकली ती परत सापडलीच नाही. आणि तेवढ्यात शिट्टी! पंच होते वाणी सर, शाळेत कवायत शिकवायचे, सामन्याला शिट्टी वाजवायचे. हात वर करून उभे. म्हणाले ऑफसाइड, गोल नाही. आता ऑफसाइड म्हणजे काय हे मला यांनी शंभर वेळा सांगितलंय, शेंगा मांडून मांडून सांगितलंय, आणि मी आजही सांगते, दिगू मागं होता, मागंच होता! दिगू चालत गेला सरांकडं. पळत नाही, चालत. काहीतरी विचारलं. सर काहीतरी बोलले. आणि ह्यानं उजवा हात उचलला आणि सरांच्या थोबाडात मारली. आवाज माझ्यापर्यंत आला. माझ्या हातातलं शेंगांचं माप खाली पडलं.

मग काय, संपलं. कायमची बंदी, पुढं त्याची रेल्वेतली नोकरीही गेली. ते व्हायचंच होतं, मास्तरवर हात उचलला म्हणजे काय गंमत आहे का. पण मला राग कशाचा येतो सांगू? ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं, तेच त्या दिवशी त्याला चपला फेकून मारत होते. तीच माणसं! मी ओळखत होते एकेकाला, माझी गिऱ्हाइकं होती. मग म्हणे यानं मुद्दाम केलं, धुळेवाल्यांना विकला गेला होता. अरे, विकला गेला असता तर पुढं फाटकी चप्पल घालून माझ्या टोपल्याशेजारी बसला असता का? सांगा ना तुम्ही. रोज संध्याकाळी यायचा म्हातारा होईपर्यंत, पोरांचा खेळ बघायचा, बडबडायचा, अरे डावीकडं बघ, डावीकडं कोणीये बघ. पोरं हसायची. सुनीलचे बाबा गेले तेव्हा हाच आला होता पहिला. आला तोही पिऊनच आला, पण आला. म्हणाला, वहिनी, माझ्यासाठी टोपी हरवणारा एकच माणूस होता.

गेल्या पावसाळ्यात दिगू गेला. लग्न नाही, लेकरू नाही. दोंडाईचाहून कोणी आलं नाही. गल्लीतल्या चार जणांनी नेला.

आणि हिवाळ्यात ग्राउंडवर मोठ्या स्पर्धा झाल्या, त्यात कमिटीवाल्यांनी लावला बॅनर. ग्राउंडच्या फाटकापासून ते पार तिकडं, एवढा. भुसावळचे जुने खेळाडू म्हणून. सगळे होते त्यावर. ज्याला आयुष्यात एक गोल मारता आला नाही तो होता, पायाला गोळे येतात म्हणून अर्ध्यात बाहेर यायचा तो होता, कोणाचे तरी सासरे होते. दिगू नव्हता! मी दोन वेळा बघितलं, म्हटलं चष्मा घरी राहिला की काय. नव्हता. मग मी टोपलं ठेवलं खाली आणि चढले स्टेजवर. सत्कार चालला होता, हार-बीर, नारळ, मधोमध वाणी सर बसलेले, प्रमुख पाहुणे म्हणून. मी माईक घेतला त्या निवेदकाच्या हातातून, हाव, घेतला, आणि म्हटलं, दिगू कुठंय? कमिटीवाला एक जण म्हणाला, अक्का, वादग्रस्त माणूस होता, पोरांपुढं काय आदर्श ठेवायचा, बसा तुम्ही खाली. मी म्हटलं, आदर्श ठेवायला तुमच्या घरात देव्हारा आहे, इथं खेळणारा ठेवायचा. तुम्ही खाऊन-पिऊन ढेकर देता त्या स्पर्धेचं नाव ज्याच्यामुळं झालं त्याला तुम्ही फोटोसुद्धा देऊ नका, पण ऐकून ठेवा, येत्या आखाजीला त्याचं डेरगं मी भरणार, माझ्या घरात, बघू कोण अडवतं. एवढं बोलले आणि माईक बंद केला त्यांनी. मी खाली उतरले, टोपलं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागले.

आता तुम्ही शहरातल्या, तुम्हाला आखाजी माहीत असेल, अक्षय तृतीया म्हणता तुम्ही. सोनं घ्यायचं असतं तुमच्यात. आमच्या खानदेशात तो पितरांचा दिवस. माहेरवाशिणी झोके खेळतात ते खरं, पण घरात आधी घागर भरायची, पाण्याची, गेलेल्यांच्या नावानं, वर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या. आणि वर्षाच्या आत जो गेला त्याची घागर नाही, त्याचं डेरगं, मोठं मडकं असतं ते. उंबऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढायचं. आणि एका माणसाला पितर म्हणून जेवायला बसवायचं. त्या दिवशी त्याला त्याच्या नावानं हाक मारत नाहीत आमच्याकडं, जो गेला तोच आलाय म्हणून वाढतात. तो जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. पहिल्या आखाजीला डेरगं भरलं नाही तर गेलेला माणूस तहानलेला राहतो, असं माय सांगायची. खरंखोटं देव जाणे. पण दिगू तहानलेला राहिलेला मला चालणार नव्हता. तसाही तो आयुष्यभर तहानलेलाच होता, हसा, हसा तुम्ही.

पण डेरगं भरायचं घरच्यांनी, भाऊबंदांनी. परक्यानं नाही. म्हणून आधी मी रीतीनं गेले, मला रीत कळते. गाडीनं दोंडाईचाला गेले, त्याच्या पुतण्याकडं. पुतण्याची मिरची कांडायची चक्की आहे. मी चक्कीवरच गाठलं त्याला. माझ्या नाकातोंडात तिखट, डोळ्यांना धारा, शिंकांवर शिंका, आणि त्याच्या बायकोला वाटलं मी दिगूसाठी रडतेय, ती मला पाणी देते, पाठीवरून हात फिरवते. मी म्हटलं बाई, रडत नाही मी, भांडायला आलेय! पुतण्या शांत माणूस. म्हणाला, काकू, आमनाकरता तो कव्हयच मरी गया. ज्यानी मायले खांदा दिना नही त्याले पानी कोण देस? मी म्हटलं, तुना काका शे तो, कुत्रं नही. त्यावर त्यानं चक्की बंद केली. आणि ताई, खरं सांगते, त्याचंही काही चुकत नव्हतं. दिगूची आई म्हणजे त्याची आजी होती. मी उठले. निघताना म्हटलं, मग मी भरू का? तो म्हणाला, भरा. आम्ही ना म्हणत नाही, पण आम्ही येणार नाही. बायकोनं पिशवीत मिरची पूड घातली माझ्या.

घरी आले तर घरात महाभारत. सुनील म्हणाला, आई, बाबांच्या घागरीशेजारी परक्या माणसाचं डेरगं? लोक काय म्हणतील? मी म्हटलं काय म्हणतील ते सांग ना, तोंडानं सांग. मान खाली घातली त्यानं. मला कळलं काय म्हणतील ते. आणि म्हणालेच लोक! गल्लीतली एक बाई, साठी उलटलेली, मला नळावर विचारते, सुमनबाई, तुमचा कोण लागत होता तो? ह्या वयात! माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले, गुडघे वाजतात चालताना, आणि हिला माझं लफडं सुचतं! मी म्हटलं, लागत होता ना, मी त्याला बघून टाळ्या वाजवायचे, एवढं नातं होतं, आणि तुझ्या नवऱ्याला बघून कोणी टाळी वाजवली असेल तर सांग. बादली टाकून गेली ती. सुनीललाही सांगितलं, तुझ्या बापाला शेजारी दिगू मिळाला तर त्याच्याइतकं सुख त्याला दुसरं नाही, तू भरू नको, मी भरते.

आखाजीला पहाटे उठले. पुरण घातलं, त्याच्या कटाची रशी केली, आमरस, कुरडया, भजी. सून बोलत नव्हती पण हाताखाली होती, ते तिचं चांगलंपण. यांची घागर सुनीलनं भरली. डेरगं मी भरलं. उंबऱ्यावर सुनीलनं आजोबांच्या नावानं, बापाच्या नावानं बोट ओढलं आणि उठला. मी बसले गुडघे धरून, आणि दिगूच्या नावानं बोट मी ओढलं. पण बोट मी ओढू शकते, पितर म्हणून मी जेवायला बसू शकत नाही ना. पुरुष लागतो. दिगूच्या संघातले दोघं आहेत अजून, दोघांनी कबूल केलं होतं, येतो अक्का, का नाही येणार, दिगूसाठी येणार नाही तर कोणासाठी. एकानं निरोप धाडला, शुगर वाढली. दुसऱ्यानं फोनच उचलला नाही, बॅनरवर फोटो आहे त्याचा. ऊन वर आलं. पाट मांडलेला, पान वाढलेलं, आणि घरातलं कोणी जेवलेलं नाही. सून म्हणाली, आई, आता? मला रडू आलं ताई, ह्या वेळी मिरची नव्हती.

तेवढ्यात दारात काठी वाजली. बघते तर वाणी सर. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, उन्हातून चालत आलेले. मला वाटलं जाब विचारायला आले, माईकवर बोलले म्हणून. मी पदर खोचला, म्हटलं या, आज तुमचंही ऐकते. तर ते उंबऱ्याकडं बघत म्हणाले, पितर जेवला का?

मी म्हटलं नाही.

म्हणाले, मी बसू?

सुनील म्हणाला, सर, तुम्ही? त्यानं तुम्हाला… सर म्हणाले, हो, मलाच. मार मी खाल्ला आणि मी जेवतो म्हणतोय, तर बाकीच्यांचं काय जातं?

पाय धुतले त्यांचे मी. गंध लावलं, पाटावर बसवलं. म्हटलं रस वाढू का, तर काही बोलेनात. परत म्हटलं. तर मान वळवून म्हणाले, ह्या बाजूनं बोल सुमनबाई, डाव्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत नाही.

तेव्हापासून. ताई, इतकी वर्षं ह्या माणसाला मी शिव्या घातल्या, ग्राउंडवर त्यांना शेंगा देताना सुद्धा मनात घातल्या, आणि हे मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्यांनी सांगितलंच नव्हतं कोणाला. मी उजवीकडं जाऊन बसले. दोन वेळा रस घेतला त्यांनी, पोळी घेतली. मला राहवेना. मी म्हटलं, सर, एक विचारू? तो गोल होता की नव्हता?

घास हातात तसाच धरला त्यांनी. म्हणाले, आज ह्या पाटावर कोण बसलंय? मी म्हटलं दिगू. म्हणाले, मग दिगूला विचारतेस ना? मी म्हटलं हाव. म्हणाले, गोल होता. आणि घास खाल्ला. मग पाणी प्याले आणि म्हणाले, पंचाला विचारायचं असेल तर उद्या घरी ये.

सुनील भिंतीकडं तोंड करून उभा होता. मग येऊन त्यानं सरांच्या पानात भजी वाढली, दिगूकाका घ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. अजून गेले नाही. सर संध्याकाळी ग्राउंडवर येतात, दिगू बसायचा तिथंच बसतात, मी उजव्या बाजूनं शेंगा देते, ते पैसे देतात, मी घेते. गोलाचा विषय कोणी काढत नाही. कमिटीवाल्यांवरचा माझा राग काही गेलेला नाही, तो लिहा तुम्ही, पुढचा बॅनर लागू दे, मी आहेच. पुढच्या वर्षी दिगूचं डेरगं नसेल, यांच्या शेजारी साधी घागर असेल, आणि सर म्हणालेत मी येईन. माझे गुडघे काय, चालतील तेवढे चालतील. सरांचा तेवढा उजवा कान देवानं शाबूत ठेवावा.